तालुक्याचा वकील, तालुक्याचा आमदार : गणपतआबा, दिबा आणि आजोबांची ट्रंक

खिलारी (धागाकर्ता)

परवा गावाकडं गेलो होतो, पत्रे बदलायचे म्हणून माळा रिकामा केला तर आजोबांची ट्रंक निघाली. आत चांदीबिंदी काही नाही, नुसती कोर्टाची आणि मामलेदार कचेरीची कागदं. पिवळी पडलेली, कडा उंदरांनी खाल्लेल्या, वरून तांबड्या दोरीनं बांधलेली. प्रत्येक कागदावर आजोबांचा अंगठा आणि त्याखाली वकिलाची लपेटीदार सही. आजोबांना अक्षर ओळख नव्हती पण कुठला कागद कुठला हे त्यांना डागांवरून कळायचं, चहा सांडलेला म्हणजे जबाब, कोपरा जळालेला म्हणजे निकाल. आम्ही पोरं मुद्दाम अदलाबदल करायचो, गडी बरोब्बर ओळखायचा.

तर ते वाचत बसलो आणि डोक्यात आलं की आपल्याकडं एक अख्खी पिढी होती, तालुक्याच्या गावी वकिली करणारा माणूस, घरात राजकारण नाही, कारखाना नाही, आणि तोच पुढं आमदार. आमच्या सांगोल्याचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, भाई गणपतराव देशमुख, म्हणजेच गणपतआबा. मूळ गाव पेनूर, म्हणजे मोहोळ तालुक्यातलं, आमच्या तालुक्याचे सुद्धा नव्हेत. पुण्यात शिकले, शेकापच्या (शेतकरी कामगार पक्ष) विचारात आले, कायद्याची पदवी घेतली, सांगोल्यात आले आणि १९६२ ला पहिल्यांदा निवडून गेले. तिथून २०१४ पर्यंत ११ वेळा. १९७२ ला पडले पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग थेट १९९५ ला पडले, १९९९ ला परत. पक्ष एकच, मतदारसंघ एकच. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गेले.

एसटीनं फिरायचे, साधे राहायचे वगैरे सगळं व्हॉट्सॅपवर येऊन गेलंय, मला ते परत नकोय. मला विचारायचंय की वकिलीचा यात नेमका वाटा किती? की तो नुसता योगायोग? जाणकारांनी लिहा.

---

रेकॉर्ड_तपासनीस

धागा छान. फक्त एक, कुणी "जागतिक विक्रम" लिहायच्या आत सांगून ठेवतो. करुणानिधी १३ वेळा आमदार, पण मतदारसंघ बदलत. केरळचे के. एम. मणी १३ वेळा आणि तेही एकाच पाला मतदारसंघातून. ओमन चांडी १२ वेळा पुथुपल्लीतून. त्यामुळं "देशात सर्वाधिक" हे जे फॉरवर्ड फिरतं ते चूक आहे. महाराष्ट्रात म्हणा, मग माझी हरकत नाही.

गंमत म्हणजे मणीसुद्धा वकीलच, आणि पाला म्हणजे काही मोठं शहर नव्हे. त्यांच्या १३ मधली पहिली १९६५ ची, ती विधानसभा बसलीच नाही, निवडणूक झाली, कुणालाच बहुमत नाही, बरखास्त. म्हणजे सभागृहात बसण्याच्या हिशोबानं १२. (हो, मला दुसरी कामं नाहीत.)

---

खिलारी

@रेकॉर्ड_तपासनीस दंडवत 🙏 पण मणी वकील होते हे माहीत नव्हतं, माझ्याच मुद्द्याला बळ मिळालं की.

---

मुन्शीचा_पोरगा

माझे वडील ३० वर्षं एका तालुका वकिलाकडं मुन्शी होते. नाव सांगत नाही, ते आमदार झाले नाहीत, एकदा झेडपीला उभे राहून पडले एवढंच. पण हा सगळा कारखाना मी आतून बघितलाय म्हणून लिहितो.

कोर्टाची वेळ अकराची. पक्षकार सात वाजल्यापासून वकिलाच्या ओट्यावर. का? कारण पहिली एसटी साडेसहाला पोचायची आणि दुसरी थेट दुपारी. म्हणजे चार तास २०-२५ माणसं, वेगवेगळ्या गावची, एका ओट्यावर. आई चहा करून करून वैतागायची (आम्ही वकिलांच्याच मागच्या खोलीत राहायचो). त्या चार तासात काय बोलणं होत असेल? केस बाजूलाच. कुठल्या गावात विहीर आटली, कुणाच्या पोरीचं लग्न मोडलं, कुठला तलाठी किती घेतो, सोसायटीचा सेक्रेटरी कुणाला कर्ज देत नाही. वकील आतून दाढी करत करत ऐकत असायचे. मधेच फक्त विचारायचे, "मग सोसायटीला अर्ज दिला का रे? उद्या घेऊन ये, लिहून देतो."

हे फुकट. याला फी नाही. फी केसची, तीसुद्धा पैशात अर्धीच यायची, बाकी शेंगा, ज्वारीचं अर्धं पोतं, एकानं तर बोकड आणून बांधला होता, तो आम्ही पोरांनी इतका लाडावला की कापायला कुणी धजेना, शेवटी बाजारात विकला.

तालुक्यातल्या ६०-७० गावातल्या प्रत्येक गावात ज्याचे पाचपन्नास पक्षकार आहेत आणि ज्यानं त्यांचा कागद कधीतरी फुकट वाचलाय त्याला वेगळा प्रचार कशाला करायला लागतोय. अर्थात आमच्या वकिलांना ते जमलं नाही ही गोष्ट वेगळी, त्यांचा स्वभाव तापट, भर सभेत विरोधी पक्षकाराला शिव्या घातल्या होत्या.

---

तालुका_बार

मुन्शीचा_पोरगा यांच्या प्रतिसादाला +१००. मी स्वतः तालुका कोर्टात २२ वर्षं आहे.

एक भर घालतो. ५० आणि ६० च्या दशकात वकील एवढे महत्त्वाचे का झाले याचं एक ठोस कारण आहे, कुळकायदा. मुंबई कुळवहिवाट कायदा १९४८ चा, पण खरा दणका १ एप्रिल १९५७ चा, कृषक दिन. त्या दिवशी जो कसतोय तो कायद्यानं मालक झाल्याचं मानायचं. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात कलम ३२ग ची चौकशी, किंमत ठरवायची, हप्ते भरायचे, मग ३२म चा खरेदीचा दाखला. मालक म्हणणार हा कूळ नाहीच, हा गडी होता. पीकपाहणीत नाव आहे का? खंडाची पावती आहे का? मालक विधवा किंवा अज्ञान (अल्पवयीन) असेल तर तारीखच पुढं ढकलली जाते. ज्या माणसानं जन्मात कचेरीची पायरी चढली नाही त्याला हे कोण सांगणार?

तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी वकिलांचे सरळ दोन तट पडले, मालकांचे वकील आणि कुळांचे वकील. मालकांच्या वकिलांनी माड्या बांधल्या. कुळांच्या वकिलांना मतं मिळाली 😄 शेकापचं सगळं राजकारणच कसणाऱ्याच्या बाजूचं, त्यामुळं त्या पक्षात वकिलांची एवढी गर्दी का हे यावरून लक्षात येईल. अलिबागचे दत्ता पाटील वकील, पनवेलचे दि. बा. पाटील वकील, एन. डी. पाटील सरांकडं पण कायद्याची पदवी होती.

---

दिघोड्याची_मावशी

दिबांचं नाव घेतलंत म्हणून लॉगिन केलं, एरवी नुसती वाचते.

आमच्या उरण पनवेलला तुम्ही साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, दिबा म्हटलं की आवाज बदलतो. जासईचा पोरगा, १९२६ चा जन्म, वकील झाला, पनवेलला राहिला, १९५७ पासून पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. पण आमच्यासाठी ते आमदार म्हणून नाहीत, जमिनीचे वकील म्हणून आहेत. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं तेव्हा लोकांना संपादनाच्या नोटिशीची भाषाच कळत नव्हती. माझ्या सासऱ्यांना वाटलं सरकार भाड्यानं घेतंय, नंतर परत देणार. खरंच असं वाटलं होतं हो. मिठागराचा माणूस, त्याला काय कळणार कलम काय आणि पोटकलम काय.

१९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जमिनीच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले. मी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, आम्हा बायकांना घराबाहेर पडू नका सांगितलं होतं तरी आम्ही गेलो, भाकऱ्या बांधून. पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची योजना आली ती त्या लढ्यातून. आज आमच्याकडं ज्या बिल्डिंगी दिसतात ना, त्यातल्या कितीतरी साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आहेत.

आता बघा, जमीन जाऊच देणार नाही असं नुसतं ओरडणारे पुष्कळ होते. पण जाणारच असेल तर किती परत द्यायची, विकसित करून द्यायची की नुसती, हा आकड्याचा हिशोब मांडायला वकिलाचंच डोकं लागतं असं मला वाटतं. २०२१ ला नवी मुंबई विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून मानवी साखळी केली तेव्हा माझी नात पण उभी होती, तिला विचारलं दिबा कोण तर म्हणाली "ज्यांनी आपल्याला जागा दिली ते." मी म्हटलं दिली नाही गं, आपलीच होती.

---

खिलारी

@दिघोड्याची_मावशी शेवटचं वाक्य 👌 लिहीत राहा हो, नुसत्या वाचू नका.

---

टँकर_नंबर_७

सगळं ठीक आहे पण मी सांगोला तालुक्यातलीच आहे आणि मला थोडं उलट बोलायचंय. चिडू नका.

माझं माहेर तालुक्याच्या पश्चिमेला. मी दहावीपर्यंत हंडा वाहिलाय. शाळेतनं आलं की दप्तर टाकायचं आणि टँकरच्या लायनीत घागर ठेवायची, घागरीत दगड टाकून ठेवायचा म्हणजे वाऱ्यानं लाइन मोडत नाही. त्या लायनीत उभी राहून मी आबांच्या साधेपणाच्या गोष्टी ऐकल्यात. एकदा आईला म्हटलं, साधे आहेत ते चांगलंय गं पण पाणी कधी येणार? आईनं पाठीत धपाटा घातला.

५० वर्षांच्या वर एकच आमदार आणि टेंभू म्हैसाळच्या उपसा योजनांचं पाणी यायला आम्ही म्हाताऱ्या व्हायची वेळ आली. याला काय म्हणायचं? विरोधी पक्षातला आमदार, सभागृहात बोलणार उत्तम, पण तिजोरी दुसऱ्यांच्या हातात. साखर पट्ट्यातल्या आमदारांनी धरणं पळवली, आमच्याकडं भाषणं. मला हे बोलताना आनंद होत नाहीये.

---

माणगंगा

@टँकर_नंबर_७ ताई, अर्धं खरं आहे. पण दुसरी बाजू पण घ्या.

नागनाथअण्णा नायकवडी, गणपतआबा, भारत पाटणकर यांनी १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद चालवली आटपाडीला, वर्षामागून वर्षं. मी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलोय. कृष्णेचं पाणी उचलून माणदेशात आणायचं हे तेव्हा लोकांना हसण्यासारखं वाटायचं, एवढ्या उंचीवर पाणी चढतंय व्हय म्हणून. आज टेंभूचं पाणी येतंय ते त्या रेट्यामुळं पण आहे. उशीर झाला, मान्य. वीजबिलाचं रडगाणं अजून आहे, ते पण मान्य.

आणि दोनदा मंत्री होते की. १९७८ ला पुलोदमधे (शरद पवारांचं आघाडी सरकार), मग १९९९ ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात. म्हणजे तिजोरीपासून कायमच लांब होते असं नाही.

शिवाय डाळिंब. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लावायला अनुदान सुरू झालं, आमच्या माळरानावर जिथं कुसळ उगवायची तिथं डाळिंब झालं. ज्या तालुक्यात कापसाचं बोंड दिसत नाही तिथं सूतगिरणी काढली आणि चालवून दाखवली, बायकांची वेगळी. आता परत खोडकिड्यानं आणि तेल्यानं बागा गेल्या, माझ्या स्वतःच्या साडेतीनशे झाडातली चाळीस उरलीत, पण त्याचा दोष कुणाला द्यायचा.

---

टँकर_नंबर_७

डाळिंबाचं मान्य. सूतगिरणीत माझी मावशी होती कामाला, तिच्या पगारावर दोन पोरं शिकली, ते पण मान्य. पण मग "वकील होते म्हणून" हे कुठं बसतं यात? सूतगिरणी काढायला एलएलबी लागत नाही.

---

तालुका_बार

चांगला प्रश्न आहे. लागत नाही. पण सहकारी संस्था बुडते कुठं माहितीये का, पोटनियमात आणि ऑडिटच्या दोष दुरुस्तीत. ज्याला कागद वाचायचा कंटाळा नाही त्याची संस्था थोडी जास्त टिकते एवढंच म्हणेन. याच्यापुढं ताणत नाही.

सभागृहात मात्र वकिली सरळ उपयोगी पडते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा ही सगळी हत्यारं नियमावलीतली. ज्याच्याकडं आमदारांची संख्या नाही त्याच्याकडं नियमच असतात. शेकापसारखा छोटा पक्ष, पण ७० च्या दशकात विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद आधी दिबांकडं आणि मग १९७७ ला गणपतरावांकडं, दोघंही तालुक्याचे वकील. विधेयकाचा मसुदा हातात आला की हे लोक व्याख्येच्या कलमापासून सुरू करायचे. आता विधेयकं गोंधळात अर्ध्या तासात मंजूर होतात, व्याख्या कोण वाचतो.

अवांतर: आमदार असताना वकिली करता येते का असं मला नेहमी विचारतात. येते. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१८ मधे सांगितलंय की आमदार खासदार हे पूर्णवेळ पगारी नोकर नव्हेत, त्यामुळं बार कौन्सिलच्या नियमाची आडकाठी नाही. करणं योग्य की नाही हा वेगळा धागा काढा.

---

मक्याच्या_शेतात

आम्ही इलिनॉयमधे राहतो, स्प्रिंगफील्ड दोन तासांवर. पाहुणे आले की त्यांना लिंकनचं घर दाखवणं हे आमचं राष्ट्रीय कर्तव्य, सातआठ वेळा झालंय 😅

हा धागा वाचताना सारखं तेच आठवत होतं. लिंकन अध्यक्ष झाला ते जगाला माहिती, पण त्याआधी तो अगदी तुमच्या व्याख्येतला माणूस. आधी खेड्यात पोस्टमास्तर, मोजणीदार. १८३२ ला राज्याच्या सभागृहाला उभा राहून पडला, १८३४ ला निवडून आला, चार वेळा लागोपाठ. म्हणजे आधी आमदार आणि मग वकील, सनद १८३६ ची. पुस्तकं दुसऱ्याची, वाचून वाचून परीक्षा. १८३७ ला स्प्रिंगफील्डला आला तो उसन्या घोड्यावर.

पुढं वर्षातले कितीतरी आठवडे घोड्यावरून किंवा बग्गीतून सर्किट फिरायचा, न्यायाधीश आणि वकील एकत्रच गावोगाव जायचे, एकाच खानावळीत झोपायचे. कागद ठेवायचा उंच टोपीत. आणि ऑफिसात एक गठ्ठा होता त्यावर लिहिलेलं की दुसरीकडं कुठं सापडलं नाही तर यात बघा. माझ्या सासूबाई ते ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांच्या कपाटासारखंच." मुन्शी ठेवायला हवा होता त्यानं.

---

मुन्शीचा_पोरगा

गठ्ठ्यावर असं लिहिणारा वकील माझ्या वडिलांना भेटला असता तर दोघांत मारामारी झाली असती.

---

स्पष्टवक्ता_४२०

सगळे वकिलांची आरती ओवाळताय म्हणून थोडं मीठ टाकतो. आमच्या चुलत्यांची वाटणीची केस १९ वर्षं चालली. वकील तालुक्यातलेच, राजकारणातले, नाव घेत नाही. दर तारखेला फी, दर तारखेला "साहेब रजेवर". शेवटी चुलते गेले आणि भावाभावांनी पारावर बसून दोन तासात मिटवलं. वकिलाच्या ओट्यावर २५ माणसं बसतात म्हणजे तो लोकप्रिय असं नव्हे, कधीकधी तो केस संपवत नाही म्हणून बसतात.

आणि जात विसरू नका. गणपतराव धनगर समाजाचे, सांगोल्यात तो समाज मोठा आहे. हे कुणी लिहितच नाहीये.

---

माणगंगा

पहिला मुद्दा मान्य, असले वकील आम्हीही बघितलेत.

दुसऱ्याबद्दल, समाज मोठा आहेच, कोण नाही म्हणतंय. पण नुसत्या जातीवर ११ वेळा होत नाही भाऊ, तसं असतं तर १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून का पडले? तेव्हाही समाज तेवढाच होता. आणि २०१९ ला आबा थांबले, नातू उभा राहिला तर ७६८ मतांनी गेला. पुन्हा शहाजीबापूच. तेच हो, "काय झाडी काय डोंगार"वाले. मग २०२४ ला दुसरा नातू निवडून आला. मतदार हिशोब करतात.

---

टँकर_नंबर_७

नातू, मग दुसरा नातू. धागाकर्त्यानं वर लिहिलंय "घरात राजकारण नाही". आता आहे. एवढंच नोंदवते.

---

खिलारी

@टँकर_नंबर_७ बरोबर आहे ताई, उत्तर नाही माझ्याकडं.

आता मूळ ट्रंकेकडं येतो. तालुका_बार यांचा कुळकायद्याचा प्रतिसाद वाचला आणि उठून परत सगळी कागदं काढली. कोपरा जळालेला "निकाल" म्हणजे ३२म चा दाखला निघाला! १९६३ चा. आणि आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात अजून "कुळकायदा कलम ४३ चे बंधनास पात्र" असा शेरा आहे. गेल्या वर्षी थोडी जमीन विकायची होती तर एका एजंटानं सांगितलं की कलेक्टरची परवानगी लागते, फार भानगड आहे, ६० हजारात करून देतो. आम्ही घाबरून विषयच सोडला. हे काय प्रकरण आहे?

---

तालुका_बार

थांबा. एजंटाला एक रुपया देऊ नका.

२०१४ ला कलम ४३ मधे दुरुस्ती झालीये. खरेदी होऊन १० वर्षं उलटली असतील तर विकायला परवानगीची गरज नाही, नजराणा भरायचा, जमिनीच्या आकाराच्या ४० पट. आकार म्हणजे शेतसारा, सातबाऱ्यावरच छापलेला असतो, बाजारभाव नव्हे. तुमचा दाखला १९६३ चा, म्हणजे १० वर्षं कधीच झाली. घेणारा शेतकरी असला पाहिजे वगैरे अटी आहेत, त्या वाचून घ्या. आकार किती आहे?

---

खिलारी

बघून सांगतो.

४ रुपये ३७ पैसे.

---

रेकॉर्ड_तपासनीस

१७४ रुपये ८० पैसे. मी दोनदा गुणाकार केला.

---

खिलारी

😳 ६० हजार मागत होता हो तो.

---

तालुका_बार

दाखल्याचा आणि सातबाऱ्याचा फोटो व्यनि (खाजगी निरोप) करा, इथं टाकू नका, आणि गट नंबर झाकू नका, नीट दिसला पाहिजे. फेरफार नोंद झालीये का तेवढं तपासतो. अर्ज तहसीलदारांच्या नावे, अर्ध्या पानाचा होईल. उद्या तारखा आहेत, परवा लिहून देतो.

---

खिलारी

पाठवला. फी किती ते पण सांगा.

---

मुन्शीचा_पोरगा

शेंगा चालतील का विचारा त्यांना. आणि दाखल्याची झेरॉक्स तीन काढा, दोन नाही, कचेरीत एक हमखास हरवते. जळालेला कोपरा झेरॉक्समधे काळा येतो, खाली पांढरा कागद ठेवा.